चिकूचें कलम आणि कुत्र्याचें कलम

पश्चिम रेल्वेच्या गाडीनें पालघर, बोईसर, वाणगांव मागें टाकून डहाणूच्या पुढें गेलें म्हणजे घोलवडच्या बाजूस चिकूच्या बागा लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पारशी व इराणी बागायतदारांनीं हीं झाडें या किनाऱ्यावर वाढविलीं, आणि २०१६ सालीं डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकनही मिळालें. या बागांतील बहुतेक झाडें कालीपत्ती जातीचीं आहेत, आणि तीं बी पेरून उगवलेलीं नाहींत. चिकूचें बी लावलें तर झाड येतें, पण तें आईसारखें निपजेल याची शाश्वती नसते, आणि फळही फार उशिरां धरतें. म्हणून बागायतदार रायणीचें, म्हणजेच खिरणीचें, रोप खुंट म्हणून घेतो आणि त्यावर चांगल्या चिकूच्या फांदीचें भेटकलम बांधतो. सांधा जुळला आणि फांदी मूळ झाडापासून कापून सोडविली कीं नवें झाड तयार होतें. त्याचे पाय रायणीचे आणि अंग चिकूचें. अशीं हजारों झाडें झालीं तरी त्या सर्वांचें वरचें अंग वस्तुतः एकाच झाडाचा विस्तार असतो.

क्लोन हा शब्द हल्लीं वर्तमानपत्रांत वरचेवर वाचावयास मिळतो, आणि तो उच्चारतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें प्रयोगशाळा, कांचेच्या नळ्या आणि कांहीं तरी अघटित असें चित्र उभें राहतें. परंतु या शब्दाचें मूळ बागेंतच आहे. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ डहाळी असा होतो. हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानें १९०३ सालीं कलमानें वाढविलेल्या रोपांसाठीं तो प्रथम योजिला. तेव्हां 'कलम' हा मराठी शब्द त्यास अगदीं चपखल बसतो. घोलवडचा माळी पिढ्यान्‌ पिढ्या क्लोनच करीत आला आहे, आणि त्याच्या हातून कांहीं अधर्म घडतो असें आजवर कोणीं म्हटलेलें नाहीं.

मग तेंच कलम कुत्र्याचें केलें तर एवढा ऊहापोह कां व्हावा? या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं प्राण्याचें कलम कसें करतात हें पाहिलें पाहिजे, कारण नीतीचा बराचसा भाग त्या कृतींतच दडलेला आहे.

झाडाची डहाळी मातींत किंवा दुसऱ्या खुंटावर जगते. कुत्र्याच्या कानाचा तुकडा कोठेंही लावला तरी त्यास पाय फुटत नाहींत. असें कां? दोघांच्याही प्रत्येक पेशींत त्या जीवाची संपूर्ण पोथी असते. कुत्र्याच्या पेशींत ती ७८ गुणसूत्रांवर लिहिलेली आहे, मांजराच्या पेशींत ३८ वर. परंतु प्राण्याच्या शरीरांत एकदां कामाची वांटणी झाली कीं कातडीची पेशी केवळ कातडीचा अध्याय वाचते, यकृताची पेशी यकृताचा. बाकीचीं पानें जणूं दोऱ्यांनीं आवळून बांधलेलीं असतात. पानें फाटलेलीं नसतात, पण उघडत नाहींत. झाडाच्या पेशींत हे दोरे सैल असतात, म्हणून डहाळीस नवीं मुळें, नवीं पानें फुटूं शकतात. प्राण्याच्या पेशींतील दोरे सोडविण्याची शक्ति एकाच ठिकाणीं भरपूर सांपडते, ती म्हणजे मादीच्या अंडपेशींतील रसांत.

शास्त्रज्ञांनीं याच गुणाचा उपयोग करून घेतला. एका मादीची अंडपेशी घ्यावयाची, तिचें स्वतःचें केंद्रक, म्हणजे तिची पोथी, बारीक सुईनें काढून टाकावयाचें, आणि ज्या प्राण्याचें कलम करावयाचें त्याच्या कातडीची एक पेशी त्या रिकाम्या अंडपेशीशीं विजेच्या सौम्य धक्क्यानें जोडावयाची. सर्व जुळून आलें तर अंडपेशीचा रस दोरे सोडवितो, पोथी पहिल्या पानापासून उघडते, आणि गर्भ वाढूं लागतो. तो तिसऱ्याच एका मादीच्या उदरांत ठेवावा लागतो. एका पिलासाठीं अशा तीन माद्या: एकीची पोथी (नराचें कलम असेल तर नराची), दुसरीचें अंडें, तिसरीचें उदर. चिकूच्या कलमांत खुंट रायणीचा असतो तशी ही गोष्ट. मात्र रायणीस वेदना होत नाहींत.

स्कॉटलंडमध्यें एडिंबरोजवळच्या रॉझलिन संस्थेंत ५ जुलै १९९६ रोजीं डॉली नांवाची मेंढी जन्मली, तिची कथा बहुतेकांस ठाऊक आहे. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कांसेंतील पेशी त्यासाठीं घेतली होती. इयन विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांनीं २७७ अंडपेशी जोडल्या, त्यांतल्या २९ गर्भ म्हणण्याइतपत वाढल्या, त्या १३ मेंढ्यांच्या उदरांत ठेवल्या, आणि कोंकरूं एकच जन्मलें. डॉली २००३ सालीं वारली तेव्हां क्लोन केलेला प्राणी अकालीं म्हातारा होतो अशी समजूत सर्वत्र पसरली. ती पुढें टिकली नाहीं. डॉलीस फुप्फुसाचा जो रोग झाला तो मेंढ्यांत आढळणाऱ्या एका विषाणूमुळें होतो. आणि डॉली ज्या पेशींपासून झाली त्याच पेशींपासून पुढें जन्मलेल्या चार मेंढ्या सात ते नऊ वर्षांच्या होऊनही धडधाकट असल्याचें २०१६ सालीं तपासणीअंतीं प्रसिद्ध झालें. जो क्लोन सुखरूप जन्मतो आणि बाळपण पार करतो तो बहुधा साधारण आयुष्य जगतो, असें आज म्हणतां येतें. संकट आहे तें त्याच्या आधीं. पोथीचे कांहीं दोरे अर्धवटच सुटतात, मग गर्भ गळतो, वार नीट धरत नाहीं, किंवा पिलूं अशक्त जन्मून थोड्या दिवसांत दगावतें.

मेंढी साधली तरी कुत्रें साधेना. १९९८ सालीं जॉन स्पर्लिंग या अमेरिकन धनिकानें मिसी नांवाच्या कुत्रीच्या क्लोनसाठीं टेक्सस येथील कृषि विद्यापीठास मोठी देणगी दिली. मिसी २००२ सालीं वारली, तोंवर तिचें पिलूं कांहीं झालें नाहीं. तें कोरियांत झालें, २००७ च्या डिसेंबरांत. एवढा विलंब लागण्याचें कारण कुत्रीच्या शरीरधर्मांत आहे. कुत्री वर्षाकाठीं एकदां किंवा दोनदांच माजावर येते. शिवाय गाय किंवा मेंढी यांचें अंडें पक्व होऊन बाहेर पडतें, तर कुत्रीचें अंडें अपक्व बाहेर येतें आणि नलिकेंत कांहीं दिवस राहून मग पक्व होतें. प्रयोगशाळेंत तें पिकविणें फार अवघड. म्हणून कुत्री माजावर येण्याची वाट पाहावयाची, रक्त तपासून नेमका दिवस हेरावयाचा, आणि पोट उघडून नलिकेंतून अंडीं धुऊन काढावयाचीं, एवढाच मार्ग उरतो. उदर देणाऱ्या कुत्रीवरही अशीच शस्त्रक्रिया करावी लागते.

सोल येथील राष्ट्रीय विद्यापीठांत २४ एप्रिल २००५ रोजीं जगांतील पहिला क्लोन कुत्रा जन्मला. त्याचें नांव स्नपी, जात अफगाण हाउंड. त्यासाठीं १०९५ गर्भ तयार करण्यांत आले, ते १२३ कुत्रींच्या उदरांत ठेवण्यांत आले, त्यांतील तिघी गाभण राहिल्या, दोन पिलें जन्मलीं, आणि त्यांतलें एक बावीस दिवसांनीं फुप्फुसाच्या दाहानें मेलें. जगला तो स्नपी. या प्रयोगाचे प्रमुख ह्वांग वू-सुक यांनीं मानवी पेशींसंबंधीं केलेले दावे पुढें बनावट ठरले आणि त्यांची मोठी नाचक्की झाली. परंतु चौकशी समितीनें स्नपीची तपासणी करून तो खरोखरीच क्लोन असल्याचा निर्वाळा दिला. लबाड मनुष्याच्या हातूनही एखादें काम खरें होतें, याचें हें उदाहरण म्हणावयाचें!

तेव्हांपासून कौशल्य वाढलें आहे, हेंही सांगितलें पाहिजे. स्नपीच्याच पेशींपासून पुन्हां क्लोन करण्यांत आले, त्याचा वृत्तान्त २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्या वेळीं ९४ गर्भ आणि सात कुत्री एवढ्यांतच चार पिलें जन्मलीं, त्यांतलीं तीन जगलीं. १२३ वरून सातवर येणें ही लहान गोष्ट नव्हे. तरी सात म्हणजे शून्य नव्हेत.

आतां ज्या प्रश्नासाठीं लोक पैसे मोजतात त्याकडे वळूं. एवढें करून जें पिलूं मिळतें तें कोण असतें?

याचें सर्वांत उत्तम उत्तर एका मांजरीनें दिलें आहे. टेक्ससच्या त्याच विद्यापीठांत २२ डिसेंबर २००१ रोजीं जगांतील पहिलें क्लोन मांजर जन्मलें. त्यासाठीं ८७ गर्भ उदरांत ठेवावे लागले होते. मूळ मांजरी तिरंगी होती, पांढरी, काळी आणि नारिंगी. तिचें नांव रेनबो, म्हणजे इंद्रधनुष्य. तिच्या क्लोनचें नांव सीसी. आणि सीसी जन्मली ती करड्या पट्ट्यांची व पांढरी. नारिंगी रंगाचा ठिपका देखील तिच्या अंगावर नव्हता. पोथी तीच असतां रंग वेगळा कसा? मादीच्या पेशींत एक्स नांवाचीं दोन गुणसूत्रें असतात. तिरंगी मांजरीच्या एका एक्सवर नारिंगी रंगाचा लेख असतो, दुसऱ्यावर तो नसतो. गर्भ लहान असतांनाच प्रत्येक पेशी या दोहोंपैकीं एक एक्स गुंडाळून बाजूस ठेवते. कोणतें ठेवावयाचें हें केवळ दैवयोगानें ठरतें. त्यामुळें अंगावर कोठें नारिंगी तर कोठें काळा डाग उमटतो. सीसी ज्या पेशीपासून झाली त्या पेशींत नारिंगी लेखाचें गुणसूत्र आधींच गुंडाळलेलें होतें, आणि तो दोरा पुन्हां सुटला नाहीं. जगांतील कोणत्याही दोन तिरंगी मांजरींचे डाग सारखे नसतात तें याच कारणानें, आणि क्लोन करूनही ते सारखे होणार नाहींत.

सीसीचा स्वभावही रेनबोहून निराळा निघाला असें तिला पाहिलेल्यांनीं सांगितलें. ती खुशाल अठरा वर्षें जगली, तिला स्वतःचीं पिलें झालीं, आणि ती २०२० सालीं वारली. एक सुखी मांजरी. परंतु रेनबो नव्हे.

रंग हा तर डोळ्यांना दिसणारा भाग झाला. समजा, बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस असलेल्या एखाद्या गृहस्थाच्या घरीं मोती नांवाचा कुत्रा बारा वर्षें होता. पाळीची बस फाटकाशीं थांबली कीं त्यास कळे. सातपाटीहून टोपली घेऊन येणाऱ्या मावशीची हांक त्यास एवढी पाठ कीं ती गल्लीच्या तोंडाशीं असतांनाच तो दारांत जाऊन बसे. दिवाळीच्या फटाक्यांनीं तो पलंगाखालीं दडे, कारण लहानपणीं एकदां फटाका त्याच्या जवळ फुटला होता. घरचा मुलगा शाळेंत जाऊं लागला तेव्हां मोती पिलूं होता. मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं गेला तेव्हां मोती वृद्ध झाला होता. या गोष्टींपैकीं कोणती गोष्ट त्याच्या कानाच्या कातडींत लिहिलेली होती? केंसांचा पोत, कानांची ठेवण, शेंपटीचा वळसा, अंगाचा बांधा, फार तर थोडा भित्रेपणा किंवा धीटपणा, एवढें त्या कातडींतून परत येईल. बाकीचें बारा वर्षांनीं घडविलेलें होतें, आणि तीं बारा वर्षें त्या घरानेंही घालविलेलीं आहेत. नवा मोती येईल तो ज्या घरांत मुलगा नाहीं, मासळीची मावशी थकून यायची बंद झाली आहे, अशा घरांत येईल. जुळीं भावंडें एका पोथीचीं असूनही आई त्यांस कधीं एक समजत नाहीं. आणि क्लोन म्हणजे कांहीं वर्षें मागाहून जन्मलेलें जुळें भावंड.

आपल्याकडे आत्म्याच्या संदर्भांत जुनें वस्त्र टाकून नवें वस्त्र घेण्याची उपमा घरोघर परिचित आहे. त्या उपमेनेंच बोलावयाचें तर क्लोन म्हणजे त्याच मापाचें, त्याच कापडाचें शिवलेलें दुसरें वस्त्र होय. तें परिधान करण्यास तोच येईल असें कोणत्याही शिंप्यास सांगतां यावयाचें नाहीं. जीं माणसें आत्मा मानीत नाहींत त्यांच्यासाठींही निष्कर्ष तोच, फक्त आत्म्याच्या जागीं स्मृति हा शब्द घालावा.

तरीही हा व्यापार चालतो. २००४ सालीं एका अमेरिकन कंपनीनें टेक्ससमधील एका बाईस तिच्या मेलेल्या मांजराचा क्लोन ५० हजार डॉलरांस विकला. ती कंपनी २००६ सालीं बंद पडली, पण तिच्या जागीं दुसऱ्या आल्या. अमेरिकेंत कुत्र्याच्या क्लोनचा दर ५० हजार डॉलरांच्या आसपास राहिला आहे, म्हणजे आपले ४० लाख रुपयांहून अधिक. चीनमध्यें २०१९ च्या जुलैंत जन्मलेल्या मांजराच्या पिलासाठीं मालकानें अडीच लाख युआन दिले. प्रख्यात गायिका बार्बरा स्ट्रायझंड यांनीं आपल्या दिवंगत कुत्रीचे दोन क्लोन घरीं आणल्याचें २०१८ सालीं जाहीर केलें, तेव्हां या गोष्टीचा जगभर बोभाटा झाला. त्याच वर्षीं एका चिमुकल्या चिव्हावा कुत्रीचे ४९ क्लोन झाल्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली.

या व्यापाराच्या बाजूनें बोलणारे जे मुद्दे मांडतात ते अगदींच टाकाऊ नाहींत. पैसा ज्याचा त्याचा. चाळीस लाखांची मोटार घेणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाहीं. दुःख ज्याचें त्याचें. म्हातारपणीं एकट्या पडलेल्या माणसास कुत्र्याच्या मृत्यूनें काय होतें हें ज्यानें पाहिलें आहे तो त्याची टवाळी करणार नाहीं. आणि जो समाज रोज मटण आणि कोंबडी खातो त्यानें दोनचार कुत्रींच्या शस्त्रक्रियेवरून एकदम कळवळावें हें थोडें ढोंगीपणाचें आहे, असाही टोला ते देतात.

शेवटचा मुद्दा बोचरा आहे, पण तो जेथें लागूं व्हावयाचा तेथें लागूं होत नाहीं. येथें प्रश्न समाजाचा नसून एका विशिष्ट माणसाचा आहे, आणि तो माणूस कुत्र्यावर प्रेम करणारा आहे. त्याच्या सर्व खटाटोपाचें मूळच असें कीं कुत्रा ही वस्तु नव्हे, त्यास सुखदुःख आहे, तो घरचा आहे. मग आपल्या मोतीसाठीं ज्या कुत्रींचीं पोटें उघडावयाचीं त्याही मोतीच्याच जातीच्या आहेत. त्यांस मोतीइतकीच वेदना होते. त्याही कोणाच्या तरी पायाशीं निजल्या असत्या. मांसाहारी मनुष्य बकऱ्यावर प्रेम करीत असल्याचा दावा करीत नाहीं. हा मनुष्य तो दावा करतो, आणि त्या दाव्याच्या आधारेंच दुसऱ्या कुत्रींस साधन बनवितो. मोटारीच्या दाखल्यांत ही अडचण नाहीं, कारण नवी मोटार करण्यासाठीं दुसऱ्या मोटारींस इंजेक्शनें द्यावीं लागत नाहींत. शिवाय गर्भ खात्रीचे नसल्यामुळें ते अधिक ठेवावे लागतात, आणि कधीं एकाऐवजीं तीन-चार पिलें जन्मतात. मालकास हवा असतो एक मोती. उरलेल्या मोतींचें काय करावयाचें हें करारपत्राच्या कलमांत पाहावें लागतें. ('कलम' या शब्दाचा हा तिसरा अर्थ येथें उगाच आठवतो.)

महाप्रस्थानिक पर्वांतील धर्मराजाची गोष्ट या संदर्भांत कित्येकदां सांगतात. वाटेंत भावंडें आणि द्रौपदी पडलीं, शेवटपर्यंत सोबतीस राहिला तो कुत्रा, आणि त्यास सोडून स्वर्गांत पाऊल ठेवण्यास धर्मराज तयार होईना. या गोष्टींत एक बारकावा आहे. तो कुत्रा धर्मराजाचा पाळलेला नव्हता. वाटेंत आपण होऊन मागें लागलेला होता. बोईसरच्या फलाटावर किंवा पालघरच्या बाजारांत असे मागें लागणारे कुत्रे रोज दिसतात. भटक्या कुत्र्यांचा त्रास खरा आहे, त्यांच्या चाव्याचें भय खरें आहे, आणि त्यांच्या संततिनियमनासाठीं २००१ सालीं व पुन्हां २०२३ सालीं केंद्र सरकारनें नियम केले आहेत. एका कुत्र्याच्या क्लोनवर जी रक्कम लागते तिच्यांत अशा किती शस्त्रक्रिया आणि रेबीजच्या किती लसी होतील याचा हिशेब एखाद्या पशुवैद्यास विचारून पाहण्यासारखा आहे.

भारतांत क्लोनविद्या आली ती लाडासाठीं नव्हे, दुधासाठीं. कर्नाळच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेंत ६ फेब्रुवारी २००९ रोजीं क्लोन केलेलें म्हशीचें पहिलें पारडूं जन्मलें आणि थोड्याच दिवसांत मेलें. त्याच वर्षीं ६ जून रोजीं गरिमा जन्मली. ती दोन वर्षें जगली. २०१० च्या ऑगस्टांत दुसरी गरिमा जन्मली, आणि तिला २०१३ च्या जानेवारींत नैसर्गिक रीतीनें महिमा नांवाची पारडी झाली, म्हणजे क्लोन केलेली म्हैस वंश वाढवूं शकते हें सिद्ध झालें. या शास्त्रज्ञांची पद्धतही लक्षांत घेण्यासारखी आहे. विलायती यंत्रें महाग, म्हणून त्यांनीं अंडपेशीचें कवच रसायनानें विरघळवून सूक्ष्मदर्शकाखालीं साध्या पात्यानें हातानेंच केंद्रकाचा भाग छाटला. आणि अंडीं कोठलीं? कत्तलखान्यांत मारलेल्या म्हशींच्या बीजाशयांतलीं. म्हणजे अंड्यांसाठीं एकाही जिवंत म्हशीचें पोट उघडावें लागलें नाहीं. कुत्र्याच्या आणि म्हशीच्या क्लोनमध्यें नीतीचा फरक करावयाचा तर तो येथें आहे. गाईच्या बाबतींत ही सोय करतां येत नाहीं, त्याचीं कारणें सांगण्याची गरज नाहीं. १६ मार्च २०२३ रोजीं त्याच संस्थेंत गंगा नांवाची गीर कालवड जन्मली. तिच्यासाठीं गीर गाईच्या शेंपटीची पेशी घेतली, आणि अंडें साहिवाल गाईच्या शरीरांतून ध्वनिलहरींच्या यंत्राच्या साहाय्यानें सुईनें काढलें, पोट न फाडतां. काश्मीरमध्यें २०१२ सालीं नूरी नांवाची पश्मिना शेळीही याच हातच्या पद्धतीनें झाली.

सर्वच प्रयोग असे निर्वेध झाले नाहींत. छत्तीसगडांतील उदंती अरण्यांतल्या आशा नांवाच्या रानम्हशीच्या पेशींपासून २०१४ च्या डिसेंबरांत कर्नाळ येथें दीपआशा जन्मली. रानम्हशींची संख्या तेथें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, म्हणून हा उपाय योजिला. पुढें तिला रायपूरला आणलें. परंतु ती वाढल्यावर तिचें रूप रानम्हशीपेक्षां घरच्या मुऱ्हा म्हशीसारखें दिसतें असा आक्षेप निघाला, आणि ज्या अरण्यासाठीं तिला जन्मास घातलें त्या अरण्यांत तिला मोकळें सोडणें कांहीं झालें नाहीं. अरण्यांतील म्हैस पोथीनें होत नाहीं, अरण्यानें होते, हें येथें मोतीच्या बाबतींत सांगितलें तेंच झालें.

अमेरिकेंत मात्र एक प्रयोग चांगला उतरला. काळ्या पायांचा फेरेट नांवाचा मुंगसाएवढा प्राणी तेथें जवळजवळ नामशेष झाला होता. आज जे आहेत ते सर्व सात पूर्वजांचे वंशज, आणि म्हणून एकमेकांचे जवळचे आप्त. १९८८ सालीं गोठवून ठेवलेल्या एका आठव्या मादीच्या पेशींपासून २०२० च्या डिसेंबरांत एलिझाबेथ ॲन हा क्लोन जन्मला, आणि त्याच पेशींपासून झालेल्या दुसऱ्या एका मादीनें २०२४ सालीं पिलें दिलीं. येथें एकाच प्राण्याच्या प्रती काढण्याचा हेतु नव्हता, तर वंशांतून गेलेली विविधता परत आणण्याचा होता. गेलेला प्राणी परत मिळावा अशी अपेक्षाच नसल्यामुळें निराशाही पदरीं आली नाहीं.

कायद्याची बाजू थोडक्यांत अशी. पाळीव प्राण्यांच्या क्लोनसाठीं भारतांत स्वतंत्र कायदा नाहीं. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे, आणि प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिति त्याच कायद्यान्वयें नेमली जाते. परंतु कुत्र्यांच्या पैदाशीचा धंदा करणाऱ्यांसाठीं २०१७ सालीं जे नियम झाले त्यांत मादीची वीण किती वेळां घ्यावी यास मर्यादा घातली आहे. उसनें उदर देणाऱ्या कुत्रीस ती मर्यादा लावावयाची झाली तर पुष्कळ गोष्टी आपोआप आटोक्यांत येतील. दंडाकडे पाहिलें तर मात्र हंसूं येतें. प्राण्यास क्रूरपणें वागविण्याच्या पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपयांचा दंड अजून त्या कायद्यांत तसाच आहे.

पालघर जिल्ह्यापुरतें पाहावयाचें तर या विद्येचा खरा विषय वसाहतींतले मोती नसून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील डांगी गुरें हा आहे. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची ही जात नाशिक, अहिल्यानगर, ठाणें, पालघर आणि गुजरातेंतील डांग या भागांत आढळते. तिच्या कातडींतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळें जोराच्या पावसांतही ती भाताच्या चिखलांत काम करूं शकते. ट्रॅक्टर आणि संकरित गाय यांमुळें अशा गुरांकडे दुर्लक्ष होत गेलें. मग उत्तम डांगी वळूचे शंभर क्लोन करावे काय? घोलवडच्या बागांकडे पाहिलें म्हणजे उत्तर मिळतें. तेथें मैलोन्‌मैल एकच कालीपत्ती, आणि २००० च्या सुमारास चिकूचें बी पोखरणारी अळी या पट्ट्यांत शिरली तेव्हां एका झाडास जें बाधलें तें सर्वांस बाधलें. शंभर क्लोन वळू म्हणजे वस्तुतः एकच वळू. त्यास जो रोग सोसणार नाहीं तो शंभरांसही सोसणार नाहीं. वंश सुधारण्याचें काम गोठविलेल्या वीर्यानें अल्प खर्चांत होतें, आणि त्यांत प्रत्येक वासराची पोथी नवी असते. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळी कांचन येथें स्थापिलेल्या बायफ संस्थेनें हें काम महाराष्ट्रांत गांवोगांव नेलेलें आहे.

मात्र निरनिराळ्या कळपांतील डांगी गुरांच्या कानाच्या कातडीच्या पेशी आज काढून गोठवून ठेवणें हें वेगळें. त्यास लागतें एक लहानसें चिमट्यासारखें हत्यार, द्रव नायट्रोजनचा एक पिंप, आणि जव्हारपर्यंत जाण्याची तयारी. जनावरास कान टोचण्याइतकीच इजा होते. त्या पेशींतून वासरूं करावयाचें कीं नाहीं, हें तीस-चाळीस वर्षांनीं ज्यांच्या गोठ्यांत डांगी उरलेली नसेल त्यांस ठरवितां येईल.